कुत्र्याच्या वाट्याची पोळी



आपल्या बहुतेक घरांत पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची. एकोडीला लग्न होऊन आले तेव्हापासून मीही हेच करत आले. पण खरं सांगायचं तर कुत्र्याच्या वाट्याला ती एक पोळीच जात नाही. मर्यादा संपलेली डाळ, दोन प्रहर उलटून गेलेला भात, डब्याच्या तळाशी राहिलेली पोळी, पोरका झालेली कनकी, असं जे जे आपल्याला चालत नाही ते सगळं सांदवाडीतल्या त्या कोपऱ्यातल्या जर्मनच्या ताटलीत जातं. अन्न वाया गेलं नाही आणि जीवदयाही झाली, असं मनाला वाटतं. मलाही वीस वर्षं तसंच वाटत होतं.

मग आमचा मोती आजारी पडला. दिवस धान कापणीचे होते. आधी त्यानं खाणं कमी केलं, मग पोट वाढायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "बरा भरला की अंगानं." पण पाठीची हाडं दिसत होती आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक होती. साकोलीहून गुरांचे डॉक्टर आमच्या बाजूला आले होते, त्यांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं आणि म्हणाले, "ताई, याचं यकृत खराब झालंय. पोटात पाणी आहे. याला खायला काय देता?"

मी सांगितलं, जे उरेल ते.

"आजपासून ते बंद," ते म्हणाले.

घरी येऊन मी ताटली उचलली तर सासूबाई रागावल्या. "मुक्या जिवाचं ताट उचलू नको गं. अन्नपाननिरोधाचा दोष लागतो." त्यांचं चुकलं नव्हतं. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय याप्रमाणे आपण तत्त्वार्थसूत्र ऐकतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, व्रतांचा सातवा अध्याय येतो. त्यात उमास्वामींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जनावराला जखडून बांधणं, मारणं, त्याचे अवयव कापणं, झेपणार नाही इतका भार लादणं, आणि त्याचं खाणंपिणं रोखणं. पहिले चार करणारे आपल्यात कुणी नाही असं आपण धरून चालतो. पाचवा मात्र थेट आपल्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, कारण घरच्या जनावराचं खाणंपिणं बाईच्या हातात असतं.

माझ्यापुढे प्रश्न पडला. मोतीचं नेहमीचं अन्न रोखलं तर अतिचार, आणि देत राहिले तर त्याचा जीव जाणार. मग भूतदया म्हणजे नेमकं काय? पोट भरणं, की त्याला जे सोसेल ते देणं? त्या हिवाळ्यात मिळेल ते वाचलं, मुलीला मोबाइलवर शोधायला लावलं, मंदिरातल्या कपाटातले चरित्रग्रंथ काढले. त्यातून कुत्र्याच्या घासाचा जो इतिहास हाती लागला, तो आज तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्याच पुराणातून. जीवंधरकुमाराची कथा तुम्ही ऐकली असेल. वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीत ती आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेपर्यंत मारलं. जीवंधर तिथे पोचले तेव्हा त्याला वाचवण्याची वेळ गेली होती. त्यांनी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष झाला. पुढे त्याच यक्षानं जीवंधरांना संकटातून सोडवलं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही कुत्र्याचा दाखला आहे: धर्मामुळे कुत्रा देवगतीला जातो आणि पापामुळे देव कुत्र्याच्या गतीला येतो. आपल्या आचार्यांनी कुत्र्याला कधी क्षुद्र मानलं नाही. मोतीच्या ताटलीकडे पाहिलं की मला हे आठवायचं आणि लाज वाटायची. ज्याच्या ठिकाणी देव होण्याची योग्यता मानतो, त्याला आपण काय वाढतो?

आता मुंबईकडे वळू. कुत्र्याच्या जिवासाठी महाराष्ट्रात लोक रस्त्यावर आले होते, आणि त्यात आपला समाजही होता. ब्रिटिश सरकारनं १८१३ सालच्या नियमानुसार उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारायची परवानगी दिली होती. १८३२ मध्ये ही मुदत पुढे वाढवली गेली. शिपायांना कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे, म्हणून ते पाळलेली कुत्रीही दारातून ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ हा पारशी लोकांचा पवित्र दिवस होता आणि त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. त्या दिवशी कोटात लोकांनी शिपायांना अडवलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशांबरोबर हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांनीही दुकानं उघडली नाहीत. सरकारनं फौज आणून लोकांना पकडलं. पण पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्यावर तोडगा निघाला.

बाहेर नेऊन ठेवायचं तर कुठे? त्यातून १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. एका बाजूला सर जमशेटजी जीजीभॉय होते आणि दुसऱ्या बाजूला मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद. पालीताण्याला गेलेल्यांनी शत्रुंजयावरची मोतीशाची टूक पाहिली असेल, तेच हे शेठ. व्यापारी मालावर लाग बसवून पांजरापोळीचा खर्च चालवला गेला. भुलेश्वरची ती पांजरापोळ आजही आहे. एक पारशी, एक जैन आणि निमित्त रस्त्यावरची कुत्री! आपल्या मुलांच्या पाठशाळेत ही गोष्ट सांगायला हवी असं मला वाटतं.

पांजरापोळीनं जगवण्याची जबाबदारी घेतली. आजारी कुत्र्याला काय खाऊ घालावं, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधणाऱ्यांचा इतिहास वेगळा आहे, आणि तो वाचणं मला सोपं गेलं नाही.

रशियात निकोलाय एक नावाचा लष्करी डॉक्टर होता. १८७७ मध्ये त्यानं कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. आतड्यांतून यकृताकडे जाणारं रक्त त्यानं यकृताला वळसा घालून सरळ मोठ्या शिरेत सोडलं. पुढे १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच शस्त्रक्रिया करून कुत्र्यांचं निरीक्षण केलं. या कुत्र्यांना मांस दिलं की ती सैरभैर होत, झोकांड्या खात, त्यांना झटके येत आणि काही बेशुद्ध होऊन मरत. याला त्यांनी मांसाची विषबाधा म्हटलं. कारण आता कळलेलं आहे. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो. चांगलं यकृत त्याचं युरियात रूपांतर करून लघवीवाटे बाहेर काढायची सोय करतं. यकृतच बाजूला पडलं की अमोनिया रक्तातून मेंदूपर्यंत जातो. पुढच्या काळातल्या अभ्यासांत असं दिसलं की अशा कुत्र्यांना मांसापेक्षा दुधातली आणि वनस्पतींतली प्रथिनं जास्त सोसतात. आजही ज्या कुत्र्याच्या यकृताचा आजार मेंदूपर्यंत पोचला आहे, त्याला पनीर, सोयाबीन अशी प्रथिनं द्यावीत असं पशुवैद्य सांगतात.

हे वाचून मला आनंद झाला, आणि लगेच वाईट वाटलं. आनंद यासाठी की मोतीला आपल्याच चौक्यातलं अन्न चालणार होतं. वाईट यासाठी की हे ज्ञान कितीतरी कुत्र्यांचे हाल करून मिळालेलं आहे. आपण ते वापरतो, तर ते कुठून आलं हे विसरू नये. आणखी एक सांगते. "बघा, आपला धर्म विज्ञानानं सिद्ध केला," असं यावरून म्हणू नका. निरोगी कुत्र्याला मांस विष नसतं. ही गोष्ट फक्त यकृत थकलेल्या कुत्र्याची आहे.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती.

१९५२ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण-पूर्व भागात कुत्र्यांमध्ये यकृताचा एक आजार दिसला. कारण कळेना म्हणून डॉक्टरांनी त्याला 'हिपॅटायटिस एक्स' असं नाव दिलं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची ढेप होती आणि त्या ढेपेला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीचं नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस, म्हणून तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. मग उलगडा झाला की कुत्र्यांचा तो आजारही याच विषाचा होता. हे विष सगळ्यात आधी यकृतावर घाव घालतं. नेहमीच्या शिजवण्या-भाजण्यानं ते जात नाही. वरची बुरशी खरवडून काढली तरी खालचं विष तसंच राहतं.

हे सगळं परदेशातलं झालं. पण १९७४ च्या शेवटी हीच गोष्ट आपल्या देशात घडली. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल या भागांत अवेळी पाऊस पडला. शेतातला मका भिजला आणि तसाच ओला घरात साठवला गेला. त्याला बुरशी लागली. आदिवासी कुटुंबांकडे खायला दुसरं काही नव्हतं, त्यांनी तोच मका खाल्ला. शंभराहून अधिक गावांत कावीळ पसरली, लोकांच्या पोटात पाणी साठलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी तपास केला. त्यांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. आणि त्याच घरांतली, त्याच भाकरीवर जगणारी कुत्रीही तशीच आजारी पडून मेली. माणसाचं पोट फुगलेलं, कुत्र्याचं पोट फुगलेलं, आणि दोघांच्या डोळ्यांत पिवळेपणा!

हे वाचताना मला आपलं भंडाऱ्याचं धान डोळ्यासमोर आलं. कापणीच्या वेळी पाऊस आला की बांधीत कडपा भिजतात, पुंजणे आतून तापतात, तांदूळ काळपट निघतो. तांदळाला ही बुरशी मक्याइतकी आणि शेंगदाण्याइतकी लागत नाही, हे खरं. पण त्या वर्षी आमच्या घरी भिजलेल्या धानाची कनकी होती. तिला वास येत होता. घरात कुणाला ती नको होती, म्हणून मी ती पोत्यात वेगळी काढून ठेवली होती. मोतीसाठी! चार महिने त्याला त्याच कनकीचा भात शिजवून घालत होते. वर कधी खवट शेंगदाणे, कधी कडेला हिरवट झालेली पोळी.

डॉक्टर म्हणाले, "ताई, त्याच्यामुळेच झालं असं म्हणता येत नाही. गोचीड तापानं होतं, विषाणूनं होतं, काही औषधांनीही होतं." त्यांनी माझं समाधान करायला म्हटलं असेल. पण मला जे कळायचं ते कळलं होतं.

मैत्रिणींनो, आपण किती काटेकोर असतो! पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. बुरशी लागलेलं अन्न तर आपण शिवत नाही. त्यात अनंत जीव आहेत, ते अभक्ष्य आहे, असं लहानपणापासून ऐकतो. आणि तेच उचलून दारातल्या जिवाला घालतो. आपल्या मर्यादेतून उतरलेली सकाळची पोळी संध्याकाळी कुत्र्यानं खाल्ली तर त्याला काही होत नाही, ती खुशाल द्या. पण बुरशीचं, आंबलेलं, खवट झालेलं जे आपल्यासाठी अभक्ष्य आहे, ते त्याच्यासाठीही अभक्ष्य आहे. अन्नपान रोखणं हा अतिचार आहे. मग विषारी अन्न देणं काय आहे, याचा विचार प्रत्येकीनं आपापल्या मनाशी करावा.

सासूबाईंना मी हे सगळं एका दुपारी वाचून दाखवलं. बांसवाड्याचं ऐकून त्या गप्प झाल्या. मग उठल्या आणि ते कनकीचं पोतं त्यांनी स्वतः बाहेर काढायला लावलं.

मोतीसाठी डॉक्टरांनी जे ठरवून दिलं ते असं. चांगल्या तांदळाचा मऊ भात, सालं काढलेली मुगाची डाळ, घरी केलेलं पनीर, थोडं दही, उकडलेला भोपळा. मीठ अजिबात नाही, कारण मिठानं पोटातलं पाणी वाढतं. म्हणजे पापड, लोणचं, शेव सगळं बंद. एकदम पोटभर न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. औषधं वेगळी. भातावर कुत्रा जगेल का, अशी मला शंका होती. पण स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं आहे की माणसाच्या सोबतीनं राहता राहता कुत्र्याच्या शरीरात पिठूळ अन्न पचवायची ताकद लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली. हजारो वर्षं आपल्या चुलीजवळ बसून तो आपल्यासारखाच खाणारा झाला.

डॉक्टर आधी म्हणाले होते, उकडलेलं अंडं दिलं तर बरं. मी म्हटलं, "आमच्या घरात अंडं येत नाही जी." ते हसले, रागावले नाहीत. पनीर आणि डाळीवर या आजारात भागतं, असं म्हणाले. पण एक बजावून सांगितलं, "प्रथिनं बंद करू नका. नुसत्या भातावर ठेवलं तर अंगातलं मांस झडून मरेल." शेजारच्या एका काकूंनी बकऱ्याचं यकृत आणून घालायला सांगितलं होतं, यकृताला यकृत! आपण ते करणारच नव्हतो. पण ज्यांच्या घरी चालतं त्यांनीही विचारल्याशिवाय करू नये. त्यात तांबं खूप असतं आणि यकृताच्या काही आजारांत तेच तांबं साठून नुकसान करतं.

एक अडचण मात्र धर्माची होती. शेवटचं खाणं रात्री उशिरा द्यायचं होतं. यकृत थकलेल्या जिवाला रात्रभर उपाशी राहणं सोसत नाही. आपल्या घरी सूर्यास्तानंतर चूल नाही. मी घुटमळले. तोडगा सासूबाईंनीच काढला. म्हणाल्या, "दिवसा शिजवून झाकून ठेव, रात्री तेवढं ताटलीत घाल. व्रत आपण घेतलंय, त्यानं नाही." सत्तरी ओलांडलेल्या, रात्री पाणीही न पिणाऱ्या बाईनं हे सांगितलं. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण व्रताचा अर्थ इतक्या सोप्या शब्दांत मला आधी कुणी सांगितला नव्हता.

काही कुत्र्यांचं यकृत ठीक असतं, पण अन्न सोसत नाही. सतत कान खाजवणं, पंजे चाटणं, अंगावर चट्टे, वरचेवर पातळ होणं, हे त्याचं लक्षण असू शकतं. दूध आणि गहू, म्हणजे आपण प्रेमानं घालतो तेच दूध-पोळी, हेही कुत्र्यांना न सोसणाऱ्या अन्नात येतं. अशा वेळी डॉक्टरांना विचारून त्यानं आधी न खाल्लेल्या एक-दोन पदार्थांवरच त्याला आठ आठवडे ठेवतात, मग एकेक जुना पदार्थ देऊन पाहतात. त्या काळात मुलांनी टाकलेलं एक बिस्किटही सगळी मेहनत वाया घालवतं. आपल्याकडे कांदा-लसूण नसतो हे कुत्र्यांच्या पथ्यावर पडतं, दोन्ही त्यांच्या रक्ताला वाईट. पण मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट कधी देऊ नका. आणि घरी शिजवून कायमचं घालायचं असेल तर त्यात काय कमी पडतं ते डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला लागणारं चुना-जीवनसत्त्वांचं माप आपल्यापेक्षा वेगळं असतं.

मोती त्यानंतर दोन पावसाळे जगला. पोट उतरलं, डोळे स्वच्छ झाले, पुन्हा बोडीवर फिरायला जाऊ लागला. पूर्ण बरा झाला नाही, होणारही नव्हता. शेवटच्या दिवशी त्यानं ताटलीकडे पाहिलं नाही. मी चमच्यानं पेज घालायला गेले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "आता राहू दे," म्हणाल्या आणि त्याच्या कानाशी बसून णमोकार म्हणू लागल्या.

त्याची ताटली अजून सांदवाडीत आहे. आता तिथे एक लंगडी कुत्री येते. तिला घालण्याआधी मी प्रत्येक पोळी उजेडात धरून पाहते. तुम्हीही पाहत जा.

जय जिनेंद्र!